गुप्तगामिनी

एप्रिलची सत्तावीस तारीख, दुपारचे तीन. हुबळीत एका पुलाखाली तुम्ही उभे आहात. (२०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी कागदावर हुब्बळ्ळी, मराठी जिभेवर अजून हुबळीच.) पायांत गुडघ्यापर्यंतचे गमबूट, पाठीवर कॅमेऱ्याची सॅक, खांद्यावर ट्रायपॉड. समोर सिमेंटचा चौकोनी बोगदा, उंची तुमच्यापेक्षा चार बोटं जास्त. तळाला घोट्याइतकं पाणी, कडेनं वाळलेल्या गाळाची पट्टी, पट्टीवर कुत्र्याच्या पावलांचे ठसे. वास येतोय, पण रात्रभर ज्याची धास्ती घेतली होती तेवढा नाही. ओली माती, कुजलेली कोथिंबीर, साबणाचं पाणी.

"पहाटे या म्हटलं होतं," अण्णा म्हणतात.

तुम्हाला उशीर झालाय, आणि त्याचं कारण सांगण्यासारखं नाही. अण्णा पुढं काही बोलत नाहीत. ते आभाळाकडे बघतायत. डोक्यावरच्या नव्हे, वायव्येकडच्या, उणकल तळ्याच्या बाजूच्या. इथं ऊन कडक असेल आणि तिथं वळीव कोसळला असेल, तर इथल्या माणसाला पाऊस दिसायच्या आधी पाणी दिसतं. "मळी बंद्र ओडबेक्री," ते कन्नडमध्ये सांगतात आणि लगेच मराठीत: पाऊस आला की पळायचं. सामान बघायचं नाही.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला १९८६ पासून 'केव्ह क्लॅन' नावाची एक मंडळी आहे. शहराखालच्या पावसाळी गटारांत हिंडायचं, फोटो काढायचे, हा त्यांचा छंद. त्यांचा पहिला नियम अण्णांचाच आहे. अण्णांनी त्यांचं नाव ऐकलेलं नाही. ते वीस वर्षं महापालिकेच्या कामावर आहेत. कर्नाटकात त्यांच्या हुद्द्याला पौरकार्मिक म्हणतात. शब्द मोठा, झाडू तोच. आज त्यांची सुट्टी आहे आणि ते आत उतरतायत ते तुम्हाला वाट दाखवायला, साफ करायला नाही. हा फरक महत्त्वाचा. २०१३ च्या कायद्यानं संरक्षणाच्या साधनांशिवाय कुणालाही गटारात उतरवणं गुन्हा ठरवला आहे. गटारात माणूस गेला तर घरच्यांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. भरपाई वाढवावी लागली, यावरून काय ते समजावं.

दुसरा नियम वासाचा. सडक्या अंड्याचा वास आला तर मागं फिरायचं. आणि तो वास येता येता एकदम नाहीसा झाला तर पळायचं, कारण वायू गेलेला नसतो, तो वाढलेला असतो आणि तुमचं नाक मेलेलं असतं. हायड्रोजन सल्फाइडचा हा गुण रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे. अण्णा तो पुस्तकातून शिकलेले नाहीत. कुठून, ते तुम्ही विचारत नाही.

"बर्री," ते म्हणतात. चला.

बोगद्यात तीस पावलांवर दिवसाचा उजेड संपतो. तुम्ही ट्रायपॉडचे पाय गाळात रुतवता, कॅमेरा चढवता, आणि मग खरी पंचाईत सुरू होते. गटाराचा फोटो म्हणजे अंधाराचा फोटो. फ्लॅश मारला तर हवेतला दमट धूर तेवढा पांढरा होतो, मागचं काही येत नाही. म्हणून शटर उघडं ठेवायचं आणि काळे कपडे घालून, हातात टॉर्च घेऊन, भिंती उजेडानं सारवत जायच्या. सारवणारा माणूस हलता असतो, तो फोटोत उमटत नाही; सारवलेली भिंत उमटते. बोगद्याची उंची कळावी म्हणून मधे एक माणूस उभा करायचा, त्याच्या पाठीमागं एक दिवा लपवायचा. तो माणूस मात्र हलता कामा नये.

ही अडचण जुनीच आहे. पॅरिसच्या नादार या छायाचित्रकारानं १८६० च्या दशकात तिथल्या भुयारांचे आणि गटारांचे फोटो बॅटरीवरच्या विजेच्या दिव्यांनी काढले. एकेका फोटोला अठरा अठरा मिनिटं लागत. एवढा वेळ जिवंत माणूस स्थिर राहीना, तेव्हा त्यानं मजुरांच्या जागी कामाचे कपडे चढवलेले पुतळे उभे केले. तुमच्याकडे पुतळा नाही. अण्णा आहेत.

"तोंड नको," ते म्हणतात आणि पाठ फिरवून उभे राहतात. एका हातात पहार, मॅनहोलचं झाकण उचकटायची.

मुंबईच्या सुधारक ओलवे यांची आठवण इथं होतेच. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर हिंडून त्यांनी कृष्णधवल फोटोंची मोठी मालिका केली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत गटार कधी रिकामं नसतं. छंदी मंडळींच्या फोटोंत ते नेहमी रिकामं असतं, निळसर, देवळाच्या गाभाऱ्यासारखं देखणं. दोन्ही फोटो खरे असतात. मला पहिले जास्त खरे वाटतात, आणि तरी तुम्ही आज आला आहात ते दुसऱ्या प्रकारचा फोटो काढायला.

कॅमेरा 'बल्ब'वर टाकता. तारेचं बटण दाबून अडकवता. शटर उघडलं. आता ते तुम्ही परत येऊन सोडवेपर्यंत उघडंच राहणार. अण्णांना वळसा घालून तुम्ही वरच्या अंगाला, पाणी येतंय त्या दिशेला, टॉर्च फिरवत निघता.

पहिला टप्पा आपल्याच काळाचा आहे. सिमेंटच्या भिंती, दर काही हातांवर सांधे, आणि सांध्यांना तडे. हुबळीची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वर्षातून दोनदा भिंतीला ढकलून बघते. धारवाडची तांबडी माती एवढी छळत नाही. डोक्याच्या उंचीवर गाळाची एक सरळ रेघ आहे. ऑगस्ट २०१९. त्या महिन्यात उणकलचं तळं भरून वाहिलं आणि नाल्याकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. रेघेवर चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी तशीच आहे. तिच्यावरचं दुकानाचं नाव वाचता येतं, पत्ता पुसला गेलाय.

आणखी वीस पावलं. वरचा स्लॅब संपतो.

टॉर्चचा उजेड एकाएकी फिका पडतो, कारण वर आभाळ आहे. ओढा उघडा. काठाला दगडी फरशी, तिच्यावर धुणं आपटल्याचा आवाज. पुलाच्या कठड्याशी एक गृहस्थ बायकोमुलांना उभं करून फोटो काढतोय. हातात आगफा क्लिक थ्री, बारा फोटोंचा रोल, डोळ्याला लावलेला काळा डबा. कुटुंबाची पाठ ओढ्याकडे आहे. फोटोत ओढा येऊ नये म्हणून तो चार पावलं सरकतो.

१९६२ साल. हुबळी आणि धारवाड या दोन गावांची मिळून एक महापालिका झाली आहे. हुबळीची नगरपालिका १८५५ ची, धारवाडची १८५६ ची. शंभर वर्षं एकमेकींकडे नाक मुरडून झाल्यावर एका छपराखाली आल्या. मधे वीस किलोमीटर.

"कोणाकडचे तुम्ही?" काठावरचे एक धोतरवाले आजोबा मराठीत विचारतात. तुमच्या गमबुटांकडे बघून त्यांना तुम्ही कुठल्याशा खात्याचे वाटता. "अर्ज दिलाय मी. छप्पन सालापर्यंत अर्ज मुंबईकडे जायचा, आता बंगळूरकडे जातो. गटार तिथंच आहे."

त्यांच्या तक्रारीत एक गोष्ट नीट ऐकण्यासारखी आहे. ते म्हणतात, लहानपणी हा ओढा दिवाळीनंतर कोरडा पडायचा, आम्ही पात्रात विटीदांडू खेळायचो. आता बाराही महिने वाहतो. पाऊस वाढलेला नाही. नीरसागर तलावाचं पाणी १९५५ पासून शहराच्या नळांना आलंय. जे पाणी नळानं घरात येतं ते मोरीनं बाहेर पडतं, आणि सांडपाण्याची वेगळी वाहिनी नसेल तिथं ते सरळ पावसाच्या ओढ्यात उतरतं. पुढं मलप्रभेचं पाणी येईल, नळ वाढतील, ओढा आणखी वाहील. आजोबा त्याला गटार म्हणतात. पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका कन्नडमध्ये गटारच म्हणतात. मोरीही दोन्ही भाषांत मोरीच. सीमेच्या वादात नद्या आल्या, गावं आली. गटारावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

आजोबांना सांगावंसं वाटतं की साठ वर्षांनी याच उणकल नाल्याच्या काठानं सायकलींसाठी हिरवा मार्ग आखला जाईल. तुम्ही सांगत नाही. शटर उघडं आहे, मिनिटं चाललीत.

पुढं दगडी कमान. घडीव दगड, चुन्याचे सांधे. वरून गाडी गेली की कमान दाताखालच्या सुपारीसारखी कडकडते. सदर्न मराठा रेल्वेची ही गाडी. कंपनी १८८२ ची, मुख्य कचेरी धारवाडला, कारखाना हुबळीला. कमानीखालून पलीकडे आलात आणि वास बदलला. डोळ्यांत पाणी आणणारा फिनेलसारखा उग्र वास, कार्बोलिक ॲसिडचा, आणि त्याच्याखाली ताज्या चुन्याचा. पाणी दुधाळ आहे. कडेला दोन मेलेले उंदीर.

१८९८ चा उन्हाळा. हुबळीत प्लेग आहे.

मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये सुरू झालेली साथ रेल्वेनं इथवर आली. वर गल्लीत डोकावता: दारांना कुलपं, भिंतींवर खुणा, चूल कुठंच पेटलेली नाही. माणसं गावाबाहेर झोपड्यांच्या छावणीत गेली आहेत. एक दार किलकिलं होतं. आतल्या माणसाला काय दिसतं? बूट घातलेला, हातात दिवा घेतलेला, गटारातून वर आलेला अनोळखी इसम. म्हणजे प्लेगचा साहेब. घर तपासणार, सामान जाळणार, बायकांना बाहेर काढणार. पुण्यात गेल्याच वर्षी २२ जूनला याच रागातून प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दार बंद होतं, आतून अडसर पडल्याचा आवाज येतो. तुम्ही काही समजावून सांगावं असं त्या माणसापाशी आत्ता काही उरलेलं नाही.

हुबळीची ही गोष्ट पुण्यापेक्षा वेगळी वळली, आणि ती सांगितली जात नाही याचं मला नवल वाटतं. हाफकिन या शास्त्रज्ञानं आपली प्लेगची लस जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. सक्तीच्या झडत्यांनी लोक बिथरले असताना हुबळीत डॉक्टर ल्यूमन यांनी टोचणीचा धडाका लावला. वस्ती पन्नास हजारांच्या आत. मे ते सप्टेंबर १८९८ या काळात ३८ हजारांहून अधिक लोकांनी टोचून घेतलं. जगात एवढ्या मोठ्या प्रमाणात प्लेगची लस आधी कुठं वापरली गेली नव्हती. हाफकिन पुढं वर्षानुवर्षं आपल्या लसीच्या बाजूनं बोलताना हुबळीचे आकडे पुढं करत राहिला. छावणीच्या दिशेनं तुम्हाला रांग दिसते. दंड चोळत परतणारे, रडणारी पोरं, रेल्वे कारखान्यातले कामगार. कुणीतरी टोचणीच्या तापानं फणफणलेल्या भावाला पाठीवर घेऊन चाललंय.

गटारं धुणं चालूच आहे. प्लेग घाणीतून, जमिनीतून, गटाराच्या वाफेतून येतो असं डॉक्टरांना वाटतं, म्हणून पंप, चुना, कार्बोलिक. मुंबईच्या प्लेगचे फोटो काढले गेले. त्यात घरं धुणाऱ्या पंपाचा एक प्रसिद्ध फोटो आहे. पाण्याची धार, टोप्या घातलेले साहेब, नळी धरलेले मजूर. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. आणि याच जून महिन्यात कराचीत सिमों नावाचा फ्रेंच डॉक्टर उंदरावरची पिसू रोग पसरवते असं प्रयोगानं दाखवतोय. त्यावर विश्वास बसायला आणखी काही वर्षं जातील. तोवर पायाजवळचे दोन मेलेले उंदीर पाण्याच्या लोटानं पुढं ढकलले जातात आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा दुसरं घर शोधायला निघतात. तुम्ही बूट झटकता. काही उपयोग नाही, पण झटकता.

यापुढं बांधकाम नाहीच. मातीचे काठ, बाभळी. एका झाडाखाली काळ्या कापडाचा तंबू, तिपाईवर लाकडी पेटी, पितळी भिंग. १८५७ च्या आसपासचा काळ. धारवाड प्रांतातल्या देवळांचे फोटो सरकारसाठी काढणारा डॉक्टर पिगू. पुढं १८६६ मध्ये लंडनला जॉन मरेनं छापलेल्या 'धारवाड आणि म्हैसूरचं वास्तुशिल्प' या जाडजूड ग्रंथात त्याचे, नीलचे आणि कर्नल बिग्जचे फोटो येतील, पण पिगू तो ग्रंथ पाहायला जिवंत नसेल. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली आहे. भाऊ दाजींचे धाकटे भाऊ नारायण दाजी त्यातले एक जाणते सभासद. म्हणजे हे यंत्र आपल्या लोकांच्याही हाती लवकर आलं.

उन्हात मिनिटामागून मिनिटं जातात. देवळासमोरून एक बाई घागर घेऊन जाते, दोन बैल जातात, एक पोरगं थांबून बघतं आणि कंटाळून जातं. त्यातलं कुणीही फोटोत उरणार नाही. हललं ते गेलं. दगड तेवढे उमटतील, आणि पुढच्या शतकातले विद्वान म्हणतील, किती निर्मनुष्य होती ही देवळं. पेटीचं तोंड देवळाकडे आहे. तुम्ही पेटीच्या मागं, ओढ्यात उभे आहात.

इथून धारवाड वीस किलोमीटर. कसे चाललात ते विचारू नका. दीडशे वर्षं ओलांडता आली तर वीस किलोमीटरचं काय. तुम्ही खंदकात आहात. धारवाडच्या किल्ल्याचा खंदक, १७९० चा हिवाळा. आत टिपूचा किल्लेदार बद्रुझमान खान, बाहेर परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी फौजा आणि त्यांच्या सोबतीला कॅप्टन लिटलची इंग्रजी पलटण. वेढा सप्टेंबरात बसला, एप्रिल १७९१ मध्ये उठला. साडेसहा महिने का लागले, याचं एक कारण इंग्रज पलटणीतल्या एडवर्ड मूरनं लिहून ठेवलंय. मराठ्यांची तोफ भरून झाली की गोलंदाज खाली बसत, अर्धा तास गप्पा आणि हुक्का; मग एक बार; बार कुठं लागला याची चर्चा; मग पुन्हा गप्पा. दुपारी विश्रांती वेगळी. साहेबानं चिडून लिहिलंय. आपल्याला मात्र वाचताना त्या मंडळींत कुणीतरी ओळखीचं भेटतं.

खंदकात तुंबलेलं पाणी, शेवाळ, फुगलेलं एक घोडं. गावाचं सगळं पाणी उताराला लागून इथं येतं. किल्ला पुढं पाडला जाईल, दरवाजा आणि थोडे तट उरतील. खंदक बुजेल, त्यावर घरं होतील. पाणी मात्र तो खड्डा विसरणार नाही, हे धारवाडच्या सखल भागात दुकान असलेल्या कुणालाही विचारा.

आता टॉर्च नकोच. उणकल. चंद्रमौळेश्वराचं देऊळ नुकतं उभं राहतंय, चालुक्यांचा काळ. दगडावर छिन्नीचा आवाज. खालून ओढा चाललाय, त्याला अजून कुणी गटार म्हटलेलं नाही. काठाला तुमच्या बुटांशेजारी पाखराच्या पायांचे ठसे. पाणी ओंजळीत घेता. गढूळ आहे, पण मातीनं.

हा सगळा पाणलोटाचा माथा. धारवाडच्या एका अंगाला पडलेला पाऊस अरबी समुद्राला जातो, दुसऱ्या अंगाचा बंगालच्या उपसागराला. पश्चिमेच्या वाटेवर शालमला. धारवाडच्या सोमेश्वराच्या देवळापाशी ती उगवते आणि लगेच जमिनीखाली दिसेनाशी होते, म्हणून तिला गुप्तगामिनी म्हणतात. पुढं ती बेडतीला मिळते, मागोडला कड्यावरून उडी घेते आणि गंगावळी होऊन अंकोल्याजवळ समुद्र गाठते. पूर्वेकडच्या सपाट काळ्या रानात दोन ओढे, बेण्णीहळ्ळ आणि तुप्परीहळ्ळ. बेण्णी म्हणजे लोणी, तुप्प म्हणजे तूप. लोण्यातुपाची नावं घेतलेले हे ओढे पावसाळ्यात नवलगुंद, नरगुंदकडची शेतं बुडवतात आणि मलप्रभेला जाऊन मिळतात. नावं ठेवणाऱ्यांना नदी म्हणजे काय ते कळत होतं. जमिनीखालून जाणं तिला शरमेचं नव्हतं, गुप्तगामिनी हे कौतुकाचं नाव होतं.

ठण्.

आवाज फार लांबून येतो. ठण्. ठण्. पहारेचे तीन ठोके, लोखंडावर.

"नीर बंत्री!"

पाणी आलं. तुम्ही धावता. खंदक, बाभळी, कमान, धुणं, सगळं एका दमात. फरशी संपते, स्लॅब डोक्यावर येतो, अंधार. घोट्याचं पाणी पोटरीवर, पोटरीचं गुडघ्याशी. बुटांत शिरलं आणि बूट जड झाले. पाण्याबरोबर आधी वारा आला, मग पानं, मग थर्मोकोलच्या पत्रावळी, मग पाणी. गाळाच्या त्या २०१९ च्या रेघेकडे एकदा नजर जाते. अण्णा जागचे हललेले नाहीत. तुम्हाला पाहिल्यावर ते पाठीमागचा दिवा काढतात, एका हातानं ट्रायपॉड कॅमेऱ्यासकट उचलतात, दुसऱ्या हातानं तुमची सॅक धरून तुम्हाला पुढं ढकलतात. सामान बघायचं नाही असं त्यांनीच सांगितलं होतं. तारेचं बटण त्या झटापटीत निसटतं. शटर बंद.

बाहेर ऊन तसंच कडक आहे. वायव्येला काळं. पुलाखालून पाणी चॉकलेटी होऊन उसळत चाललंय, आणि वर फळांचा गाडा ढकलणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नाही. घड्याळात चौदा मिनिटं झालीत.

"चहा," अण्णा म्हणतात. दोन कप होईपर्यंत कुणी काही बोलत नाही.

रात्री फोटो मोठ्या पडद्यावर उघडता. शेवटच्या क्षणी कॅमेरा उचलला गेला त्याची एक उजळ रेघ कोपऱ्यातून आरपार गेली आहे. बाकी भिंती कडेपर्यंत स्वच्छ सारवलेल्या. वाहतं पाणी चौदा मिनिटांच्या उजेडात गोठून लोण्यासारखं गुळगुळीत झालंय. तुम्ही कुठंच नाही आहात. आजोबा नाहीत, दार लावून घेणारा माणूस नाही, घागर घेऊन जाणारी बाई नाही. मधोमध एक पाठमोरी आकृती, हातात पहार, कडा धारदार. पाणी चढत असताना, पहारेचे ठोके देतानाही त्यांचे खांदे हललेले नाहीत. मनगट तेवढं किंचित पुसट.

फोटो तुम्ही त्यांना पाठवता. दोन निळ्या खुणा येतात, मग बराच वेळ काही नाही. तुम्हाला वाटतं, आवडला नाही. मग उत्तर येतं. फोटोचा एक तुकडा कापून, त्यावर बोटानं लाल गोल काढून पाठवलाय. डाव्या भिंतीवर, स्लॅबच्या खाली, टॉर्चच्या तिरक्या उजेडात उठून दिसणारा एक तडा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसला नसता.

"हा मोठा झालाय," त्यांनी लिहिलंय. "उद्या ऑफिसात दाखवतो. फोटो तारखेसकट पाठवा."

तुम्ही तारीख घालून फोटो पुन्हा पाठवता: २७ एप्रिल. हुबळीत पाऊसकाळ जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतो.